अस्तरातला कापूस

देशात निवडणूक लागली होती, आणि चर्चा चालली होती एका कोटाच्या खांद्यांची.

कोट होता देशाच्या प्रमुखांच्या बायकोचा. शिवला होता तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने. या थोरल्या बहिणीला घरात, गल्लीत, दुकानात सगळे ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. लांब टेबल, दोन मशिनी, खिडकीपाशी बिनडोक्याचा पुतळा, आणि चिंध्यांचं एक गाठोडं, ज्यावर शेजारच्यांची मांजर कायम झोपलेली. लग्न ताईने केलं नव्हतं. आई लवकर गेली, धाकटीला वाढवता वाढवता दिवस कसे गेले ते कळलंच नाही, असं ती विचारणाऱ्याला सांगायची आणि लगेच विषय बदलायची.

धाकटी म्हणजे चिमी. लग्न झालं तेव्हा चिमीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. मग तो शिक्षकांच्या संघटनेत शिरला, तिथून पक्षात, आणि एकेक पायरी चढत थेट देशाच्या गादीवर जाऊन बसला. सगळा देश त्याला साहेब म्हणू लागला. ताई मात्र मास्तरच म्हणायची, आणि मास्तरांनाही ते ऐकायला बरं वाटायचं.

मास्तरांनी शपथ घेतली त्या दिवशी चिमीने ताईच्या हातचा निळा कोट घातला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात शपथेपेक्षा कोटाचा फोटो मोठा. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एका पेपरात रोज चौकट यायची, 'आज बाईंनी काय घातलं?' तोच कोट पुन्हा घातला तर बाई काटकसरी, नवा घातला तर बाई उधळ्या. पिवळा रुमाल बांधला तर पिवळ्या झेंड्याच्या पक्षाशी बोलणी सुरू. एकदा गाडीच्या दारात अडकून चिमीच्या कोटाचं बटण तुटलं, तर टीव्हीवर तीन शहाणे बसून सरकारमधून आता कोण गळणार यावर तासभर भांडले.

"ताई, बटणं जरा घट्ट लाव गं," चिमी हसत म्हणाली होती. "माझ्या एका बटणापायी उद्या सरकार पडायचं."

तेव्हा हसायला येत होतं.

निवडणुकीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ताई मापं घ्यायला सरकारी बंगल्यावर गेली. खरं तर माप घ्यायची गरजच नव्हती. चिमीच्या पंधराव्या वर्षापासून तिचं अंग ताईच्या हाताला पाठ होतं. पण नवा कोट अंगावर चढवला आणि तो कमरेपाशी लोंबला. ताईने चिमटीत कापड धरलं. चिमटीत मावेना एवढं कापड हातात आलं.

"चिमे, जेवतेस ना?"

"जेवते गं. धावपळ किती चाललीय बघतेस ना."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिने टाचण्या लावल्या आणि घरी येऊन कोट आत घेतला. पुढच्या खेपेला तोच कोट पुन्हा सैल. मधल्या काळात सैल कोटातली चिमी एका समारंभात दिसली होती आणि टीव्हीवाल्यांनी 'बंगल्यात पाळणा हलणार का?' म्हणून दोन दिवस दळण दळलं होतं. चिमीचे केस कानशिलांपाशी पांढरे झालेले, आणि हे म्हणे पाळणा!

या वेळी ताईने खोलीचं दार लावून घेतलं. "आता खरं सांग. नाहीतर मी इथून हलत नाही."

चिमी खुर्चीत बसली. बसताना तिने पोटावर हात धरला. ती सवय ताईला नवीन होती.

"पोटात गाठ आहे," ती म्हणाली. "माझी शाळेतली मैत्रीण डॉक्टरीण आहे ना, तिने तपासलं. लगेच ऑपरेशन करायला सांगते आहे. त्यानंतर बरेच दिवस अंथरुणात."

"मग? कधी करायचं?"

"मतदान झालं की."

ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मतदानाला अख्खा उन्हाळा जायचा होता.

"वेड लागलंय का तुला? मास्तरांना ठाऊक आहे?"

"अर्धं. जठरात व्रण झालाय एवढं सांगितलंय. पुरतं कळलं तर ते सगळं टाकून माझ्या उशाशी बसतील. वीस वर्षं या माणसाने याच्यासाठी रक्त आटवलंय, ताई. समोरचा आधीच म्हणतोय की साहेब थकले. मी हॉस्पिटलात गेले तर यांचं लक्ष उडेल, आणि यांचं लक्ष उडालं की संपलंच."

"आणि तू संपलीस तर?"

चिमीने पोटावरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "चकचकीतला सगळं ठाऊक आहे. तो म्हणतो, बारीक दिसू नका एवढं सांभाळा. बाकी मी बघतो."

चकचकीत म्हणजे मास्तरांच्या कचेरीत पेपर-टीव्हीवाल्यांना सांभाळणारा माणूस. बूट चकचकीत, टक्कल चकचकीत, बोलणं तर विचारूच नका. हे नाव चिमीनेच ठेवलं होतं.

"तू मला भर घालून दे," चिमी म्हणाली. "खांद्यांना, छातीला, कमरेला. पूर्वी होते तशी दिसले पाहिजे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, ताई. आणि कुणाला बोलायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ घे."

ताई भांडली, रडली, आईची आठवण काढून झाली. चिमी लहानपणापासून हट्टी. शेवटी ताईने शपथ घेतली, आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन मऊ कापूस आणला.

कापसाचे पातळ थर करून तिने एक आतला झगा शिवला, गोधडीसारखा आडव्या-उभ्या टाक्यांचा. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून टाके जवळजवळ घातले. त्यावर कोट. कोटाच्या खांद्यांत आणखी भर, गळा उंच, बाह्या मनगटापर्यंत. पुतळ्यावर चढवून पाहिलं तर हुबेहूब पूर्वीची चिमी उभी. ताईने पुतळ्याच्या खांद्यांवर हात ठेवले आणि तिला हुंदका आवरला नाही.

उन्हाळा चढत गेला. सभा उघड्या मैदानात. चिमी कापसात गुरफटून तासन्‌तास मंचावर बसायची, हात हलवायची, हसायची. घरी आल्यावर ताई तो झगा उतरवायची तेव्हा तो पिळून काढण्याइतका ओला असायचा. आतून निघायची ती चिमी दर खेपेला जरा कमीच असायची. मग ताई पुन्हा अस्तर उसवायची, पुन्हा थोडा कापूस भरायची. बहीण जेवढी झिजेल तेवढा कापूस वाढवायचा, असं ते काम होतं. सुईचं टोक बोटात घुसलं तरी तिला कळत नसे.

आणि पेपरवाले? पेपरवाले खूश होते. रोज चौकट लिहिणाऱ्या बाईने लिहिलं, 'भरदार खांद्यांतून बाईंनी ठाम नेतृत्वाचा संदेश दिला आहे.' पाहता पाहता भरदार खांद्यांची टूम निघाली. दुकानांच्या काचेत तसले कोट लागले. बँकेत, कचेऱ्यांत, बसच्या रांगेत बायका खांदे फुगवून फिरू लागल्या. ताईच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली. एक तरुण मुलगी चिमीचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "अगदी असेच करून द्या हं. काय रुबाब आहे ना बाईंचा!"

ताई त्या फोटोकडे बघत राहिली. फोटोतल्या उंच गळ्याखाली काय होतं ते या जगात चौघांनाच ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि मुलीचं माप घेतलं. गोल, गुबगुबीत, निरोगी खांदे होते पोरीचे.

एका दुपारी चिमी बंगल्याच्या जिन्यावर कोसळली. ताई मागेच होती म्हणून डोकं आपटलं नाही. कापसामुळे लागलं नाही, असं चिमी शुद्धीवर आल्यावर म्हणाली आणि हसायला लागली. ताईला मात्र हसू येईना. तिला उचलताना ताईला कळलं होतं की हातात नुसता कोट आहे, माणूस जवळजवळ नाहीच. शपथ गेली खड्ड्यात, असं म्हणून ती तशीच मास्तरांच्या कचेरीत गेली.

मास्तर गाडीत बसायच्या घाईत होते. ताईने त्यांना पोर्चमध्येच अडवलं.

"मास्तर, चिमी आजारी आहे. तुम्हाला सांगितलंय त्याहून खूप जास्त. उद्याच्या उद्या तिला हॉस्पिटलात न्या."

मास्तर थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं. भीती असेल. मग त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा सुरू केला.

"ती मला म्हणाली की व्रण आहे. औषध चालू आहे."

"तुम्ही तिला उघड्या डोळ्यांनी पाहिलंत का हल्ली? एकदा तरी?"

"मी पहाटे निघतो, ताई. परततो तेव्हा ती झोपलेली असते." ते खाली बघत बोलत होते. "ती म्हणते व्रण आहे, तर आपण तिच्यावर विश्वास ठेवायला नको का? निवडणूक संपू दे. मी स्वतः तिला घेऊन जातो. शब्द देतो."

गाडी निघून गेली. ताईला त्या क्षणी कळून चुकलं की या माणसाला सगळं कळलेलं आहे, आणि म्हणूनच तो विचारत नाही. तिथे पोर्चमध्ये तिने स्वतःशीच ठरवलं. घरातले डोळे मिटून बसले आहेत ना, मग अख्ख्या देशाचे डोळे उघडायचे. रोज चिमीच्या बटणाबटणाकडे बघणारे हजार कॅमेरे आहेत. कापूस काढला की त्यांना हाडं दिसतील. एकदा दिसली की बोंब होईल, डॉक्टर टीव्हीवर बोलतील, आणि मग मास्तर, चकचकीत, खुद्द चिमी, कुणाचंही काही चालणार नाही.

राजधानीतल्या सर्वांत मोठ्या सभेच्या दिवशी ताई बंगल्यातल्या इस्त्रीच्या खोलीत गेली. कापसाचा झगा टेबलावर पसरला, इस्त्री पुरती तापवली आणि झग्यावर ठेवून दिली. धूर निघेपर्यंत उचलली नाही. मग दुसरीकडे. मग पाठीवर. खोलीभर जळका वास सुटला.

चिमी आली तेव्हा खाली गाड्या उभ्या होत्या आणि चकचकीत जिन्यातून हाका मारत होता.

"भाजला," ताई म्हणाली. "दुसरा नाही. हा घाल." आणि तिने एक साधा, बिनबाह्यांचा, पांढरा झगा पुढे केला. तो तिने चिमीच्या आताच्या मापाने शिवला होता.

चिमीने जळक्या कापसाकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"मुद्दाम केलंस."

"हो."

खालून पुन्हा हाक आली. चिमीने हात वर केले, लहानपणी करायची तसे, आणि ताईने तिच्या डोक्यावरून झगा घातला. गळ्याची हाडं वर आलेली, दंड काठीसारखे, पाठीचा मणका न मणका मोजता येईल असा. चकचकीतने दारात तिला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण उशीर झाला होता.

ताई इस्त्रीच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीसमोर बसली. चिमी मंचावर आली. कॅमेरे सरसावले. एक तिच्या दंडावर गेला, एक गळ्यावर, एक खालून वर हळूहळू सरकत गेला. बघा, बघा, ताई पुटपुटली. नीट बघा रे.

"आणि बाईंनी आज सगळ्यांना थक्क केलं आहे!" टीव्हीवरची बाई जवळजवळ किंचाळलीच. "भरदार कोट बाजूला, आणि हा साधा पांढरा पेहराव! निवडणुकीच्या धामधुमीत बाईंनी काय अंगकाठी कमावली आहे पाहा!"

ताईला आधी शब्दच कळले नाहीत. मग ते कळू लागले आणि थांबेचनात. दुसऱ्या दिवशी पेपरांत पानभर फोटो. 'बाईंच्या सडपातळपणाचं रहस्य'. टीव्हीवर आहाराचे जाणकार येऊन बाई सकाळी काय खात असतील याचे अंदाज बांधत होते. समोरच्या उमेदवाराच्या बायकोचा फोटो शेजारी लावून तिच्या दंडांची चेष्टा झाली. ताईच्या दुकानातला फोन दिवसभर वाजत राहिला. बिनबाह्यांचा पांढरा झगा किती दिवसांत मिळेल? ताई चिंध्यांच्या गाठोड्याशेजारी जमिनीवर बसून होती. फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

आता एकच दार राहिलं होतं. ती रोज चौकट लिहिणाऱ्या बाईच्या कचेरीत गेली. ताईच्या कल्पनेत ती कुणी नटवी होती. प्रत्यक्षात भेटली ती साठीकडे झुकलेली, चष्मा कपाळावर ढकललेली, दमलेली बाई. तिने ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं. ताईने सगळं सांगितलं. गाठ, कापूस, इस्त्री, सगळं.

बाईने पुढ्यातला पेपर मिटला. "सभेत मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं होतं, एक वाक्य. 'बाईंची प्रकृती बरी दिसत नाही.' वरच्यांनी काढलं. म्हणाले, आजाराचं लिहायचं तर कुणीतरी नावानिशी सांगायला हवं. कपड्यांचं लिहायला काही लागत नाही. नुसते डोळे पुरतात."

"मग माझ्या नावाने लिहा."

बाईने चष्मा डोळ्यांवर आणला आणि ताईकडे नीट पाहिलं. "तुमची बहीण तुमच्याशी बोलणं टाकेल."

"जिवंत राहून टाकू दे."

दोन दिवसांनी छापून आलं. बाईने शब्द पाळला होता. कपड्यांचं अक्षर नाही, सरळ आजाराची बातमी, आणि खाली ताईचा फोटो. ताईला वाटलं, सुटले. पण दुपार व्हायच्या आत चकचकीत कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला. चेहऱ्यावर दुःख असं की बघणाऱ्याला कीव यावी. म्हणाला, बाई ठणठणीत आहेत. घरगुती गोष्ट चव्हाट्यावर आणायला मन धजत नाही, पण बाईंनी नुकताच नवा शिंपी नेमला. थोरल्या बहिणीला ते लागलं. कपड्यांवरून बहिणीबहिणींत वितुष्ट आलं, याचं साहेबांना फार वाईट वाटतं.

झालं. गाठ कुठल्या कुठे गेली आणि कोट पुन्हा वर आला. 'कोटावरून बहिणींत काडीमोड'. ताईच्या दुकानाखाली कॅमेरे येऊन बसले. थोरली निमकहराम आहे, बहिणीच्या जिवावर मोठी झाली, आता हेवा करते, असं रस्त्यातले लोक बोलू लागले. ज्या मुलीला भरदार खांद्यांचा कोट हवा होता तिच्या आईने तो परत पाठवला. बंगल्याच्या फाटकावर ताईला अडवलं. आधी रोज सलाम करणारा पहारेकरी तिच्या नजरेला नजर देईना. "वरून सांगितलंय, ताई," एवढंच म्हणाला. चिमीचा फोन लागेना.

ते दिवस ताईने कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. मशीनवर बसायची आणि कापड पुढे सरकवायचं विसरायची. टीव्ही लावायची, कारण बहीण आता फक्त तिथेच दिसत होती. चिमी पुन्हा कोटात आली होती. नव्या शिंप्याने भर भसाभस घातली होती. एक खांदा वर, एक खाली. ताई टीव्हीला जाऊन चिकटायची आणि कोटाच्या आत बहीण किती उरली असेल याचा अंदाज घ्यायची.

मतदान आठवड्यावर आलं होतं तेव्हा भल्या सकाळी दुकानाखाली गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजली. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, थांबणं. ताई धावली. चिमी कठड्याला धरून उभी होती, एकटी.

"तुझ्या त्या नव्या माणसाला टाचण्या काढायचं भान नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तीन ठिकाणी टोचतायत मला."

ताईने तिला आत आणलं, पुतळा बाजूला सारून खुर्चीत बसवलं. कोट उतरवला. खरंच टाचण्या होत्या. ताई एकेक काढू लागली. चिमीने तिचे हात धरले.

"रागावलेय तुझ्यावर. खूप."

"माहीत आहे."

"पेपरात ते वाचून यांनी मला पहिल्यांदा नीट विचारलं. मी खोटं बोलले. आणि त्यांनी ते इतक्या पटकन मानलं, ताई, इतक्या पटकन..." ती बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली. मग म्हणाली, "मला दुखतंय गं. आता सहन होत नाही. घेऊन चल मला."

ताईने तिला स्वतःची शाल गुंडाळली आणि मागच्या जिन्याने, चपलांच्या खोक्यांमधून वाट काढत बाहेर नेलं.

डॉक्टरीण त्यांचीच वाट बघत असल्यासारखी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. ताईने दिवसभराची तयारी ठेवली होती, पण डॉक्टरीण लवकर बाहेर आली. इतक्या लवकर, की ताईला क्षणभर आशा वाटली.

"उघडलं आणि बंद केलं," डॉक्टरीण म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "सगळीकडे पसरलंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आली असती तर..."

मास्तर निवडून आले. आधी वाटलं होतं त्याहून जास्त मतांनी. बाई हॉस्पिटलात आहेत हे कळल्यावर लोक हळहळले, रांगा लावून मत देऊन आले. चकचकीतने म्हणे कुणाला तरी सांगितलं की हे आधीच जाहीर करायला हवं होतं, आकडा आणखी वाढला असता. हे ताईच्या कानावर आलं तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये बसली होती. तिने कानावर हात ठेवले.

विजयाचे हार गाडीतच ठेवून मास्तर खोलीत आले. चिमी झोपली होती. अंगावर हॉस्पिटलचा पाठीमागे नाड्यांचा झगा, तोही तिला दोनदा गुंडाळता आला असता. मास्तर दाराशीच उभे राहिले. देशाने पानभर फोटोत पाहिलं होतं ते मास्तर पहिल्यांदा बघत होते. ताईकडे त्यांच्यासाठी पुष्कळ शब्द साठले होते, पण ते पलंगाच्या लोखंडी कडेला धरून खाली बसले, तेव्हा ते शब्द तिच्याही तोंडात येईनात.

चिमी पुढे थंडी पडेपर्यंत जगली. दुखणं कमी असलं की दोघी बहिणी आईच्या गोष्टी काढायच्या. मास्तर रोज संध्याकाळी यायचे आणि तिचा हात धरून बसायचे. चिमी त्यांना एकदाही टाकून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात तसं काहीतरी बोला ना. नद्या सांगा." आणि ते नद्या सांगत राहिले, उगमापासून मुखापर्यंत, ती झोपेपर्यंत.

ती गेली त्या सकाळी बंगल्याच्या फाटकाबाहेर रस्ता दिसेनासा होईल इतके कॅमेरे होते. चकचकीत कपाटाच्या खोलीबाहेर येरझारा घालत होता. अंत्यदर्शनाला बाईंच्या अंगावर काय असेल हे सगळे विचारतायत, आधी कळलं तर बरं, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं.

आत मास्तर आणि ताई उघड्या कपाटासमोर उभे होते. कोटांची लांबच लांब रांग. त्यातला प्रत्येक ताईच्या हातचा आणि प्रत्येक देशाच्या ओळखीचा.

"तुम्ही सांगा, मास्तर. कशात नेऊ या तिला?"

मास्तरांनी एका बाहीला हात लावला, मग दुसऱ्या. बराच वेळ ते नुसते चाचपडत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "यातलं मला काहीच ओळखू येत नाहीये."

आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून. ताईने त्यांना पलंगावर बसवलं. इतक्या महिन्यांत तिला या माणसाचा राग राग आला होता, आत्ताही येत होता, तरी तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरून दारावर टकटक झाली. मग चकचकीतचा हळू, नम्र आवाज. वेळ होत आली आहे, नुसता रंग सांगितला तरी चालेल.

ताई उठली आणि तिने आतून कडी घातली.